पारधीचा नारळ

धाकू येडगेचं पत्र अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. निळं आंतरदेशीय पत्र. धाकूला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याच्या गावच्या, किरमट्याच्या शाळेतल्या बाईंकडून त्यानं ते लिहून घेतलं होतं. बाईंनी त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

‘हत्तरकी सरांना धाकूचा रामराम. पाय गेला, त्याचं काय न्हाई. दुसरा हाय. पर औंदा शिमग्याला नारळ आमच्या घरात आला न्हाई. गावकी म्हंती, कागदावर डुक्कर हाय आन खाली सरांची सही हाय. तुमी त्या गाडीवरच बसला हुता. एक ओळ लिवा. डुक्कर का गाडी? येवढंच लिवा. बाकी काय नको.’

मी चौतीस वर्षं गडहिंग्लजच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आलेल्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांत उत्तर द्यायची मला सवय. प्रकाशकांच्या छापील पत्रकांनासुद्धा मी ‘पोचलं, आभारी आहे’ असं कार्ड टाकत असे. या एका पत्राला टाकलं नाही.

पत्र येण्याआधीच्या सप्टेंबरात, शेवटच्या रविवारी सकाळी राजवर्धन शिंत्रे मला न्यायला दाराशी आला. तो स्वतःला माझा विद्यार्थी म्हणवायचा. मी कधी वर्गावर शिकवलं नाही. तो वाचनालयात पंख्याखाली झोपायला यायचा, एवढाच आमचा संबंध. पुढं त्यानं खडीचा क्रशर टाकला, चंदगडच्या बाजूला किरमट्याच्या रानालगत चाळीस एकर जमीन घेतली आणि तिथं फार्महाऊस बांधलं. मी रानातले शब्द गोळा करतो, बुटांच्या खोक्यांतून माझी बाराशे कार्डं भरलीत, हे त्याला कुठून तरी कळलं होतं.

“सर, शब्द असे खोक्यात सापडत नसतात,” तो म्हणाला. “रानात चला. आमच्याकडं धाकू धनगर आहे. तुम्हाला खजिना वाटेल. आणि ते पुस्तक मी छापणार. जाड कागद, रंगीत कव्हर. नाही म्हणायचं नाही.”

नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. शिवाय धाकूला मी ओळखत होतो. आधीच्या दोन उन्हाळ्यांत एसटीनं जाऊन मी त्याच्या अंगणात बसून आलो होतो. माझ्या खोक्यातली तीनशे कार्डं त्याचीच होती. हे मी राजवर्धनला सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. त्याचा उत्साह मोडेल असं वाटलं असावं. पुस्तकाचा.

फार्महाऊसच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. चार जाड दातेरी चाकं, वर मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल, पुढं-मागं सामान बांधायला लोखंडी जाळीचे रॅक. मालक लोक त्यांना एटीव्ही म्हणत. धाकू ‘चारपायी’ म्हणायचा. एक गाडी राजवर्धनची, दुसरी त्याचे मित्र डॉक्टर मोरबाळे यांची. मोरबाळे बेळगावला दातांचे डॉक्टर होते. दोघं हातात चहाचे मग घेऊन एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघत होते.

“तुझा बेल्ट कितीदा गेला?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोनदा. चिखलात लो गिअर टाकायला विसरलो की जळतो. रबराचा वास आला, तेव्हा कळलं.”

“माझं रेडिएटर चोक व्हायचं. उचलून वर हँडलपाशी बसवून घेतलं. हवेची नळीसुद्धा वर काढली. आता कमरेएवढ्या पाण्यात घाल, बंद पडणार नाही.”

“आणि रॅक? वजन घेतं?”

“अरे, गेल्या वर्षी एकशेदहा किलोचा सुळेवाला डुक्कर टाकला मागं. पुढची चाकंच उचलायला लागली. मग सासऱ्याला बसवलं पुढच्या रॅकवर. बॅलन्स!”

दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. मला हसू आलं नव्हतं, पण पाहुणा म्हणून गेलं की असं हसावं लागतं, अशी माझी समजूत होती.

धाकू गडग्याच्या दगडावर बसला होता. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, खांद्यावर घोंगडं. मला पाहून उठला.

“सर, तुमी ह्यांच्यात कुठं?”

“बोलावलं, म्हणून आलो.”

“मला बी बोलीवलंय. बोलीवलं म्हंजे यायचंच का?” तो हसला. “बसा. च्या प्या. ह्या चारपायीचा आवाज ऐकून डुकरं आत्ता कर्नाटकात पोचली आसतील. आपल्याला बसायचंच काम हाय.”

मी खिशातून कार्ड आणि पेन काढलं. हे माझं नेहमीचं. माणसासमोर बसलो की काय बोलावं सुचत नाही, कार्ड हातात असलं की सुचतं.

“धाकू, डुक्कर अंगावर येतं त्याला तुमच्यात काय म्हणतात?”

“मुसंडी. डुक्कर मुसंडी मारतं, बैल शिंग मारतो आन आमी अंगठा मारतो.”

मी लिहून घेतलं. “तुम्हाला कधी मारली मुसंडी?”

त्याचं हसू एकदम गेलं. त्यानं बाजूला थुंकून घेतलं.

“सर, दुसऱ्या कुणी इचारलं आसतं तर उठून गेलो आसतो. डुकरानं लोळवलेल्या माणसाच्या हातात पारधीचा नारळ देत न्हाईत. शिमग्याला पारध निघती तवा देवळात गुरव नारळ देतो, तो ज्याच्या हातात त्यो पुढं. बाकी सारा गाव त्याच्या मागं. आमच्यात चार पिढ्या नारळ हाय. एकदा डुकरानं लोळवलं की त्या घरातनं नारळ गेला. पुन्हा न्हाई.”

“इतकं कडक?”

“मग? रान ज्याला वळकतं, त्यालाच पुढं घालायचं. ज्याला वळकत न्हाई त्यो पुढं झाला तर मागच्यांचं काय? माझ्या बाला कवा लोळवलं न्हाई. मला बी न्हाई. लिवलासा?”

“लिहिलं.”

“बगू.” वाचता येत नसताना त्यानं कार्ड हातात घेतलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

फार्महाऊसच्या खालच्या अंगाला झाडीत एक झरा होता. त्याचं पाणी खोलगटात साचून मोठी लोळण झाली होती. तिथं चिखलात लोळायला गवे यायचे, डुकरं यायची, धाकूची म्हसरंही यायची. दोघा मालकांनी गाड्या तिथं नेल्या. तासभर ते त्या चिखलात गोल गोल फिरले. गाडी रुतवायची, चाकं गरगर फिरवायची, मागं चिखलाचं कारंजं उडवायचं, मग पुढच्या विंचची तार झाडाला अडकवून ओढून काढायची, आणि पुन्हा रुतवायची. एक ऐनाचं झाड तारेनं अर्धं सोलून निघालं. पन्नाशीच्या आतबाहेरचे दोन गृहस्थ, अंगभर काळा चिखल, दात तेवढे पांढरे, लहान मुलांसारखे किंचाळत होते.

त्या चिखलाचा वास मला अजून येतो. वर्षानुवर्षं कुजलेला पाला, जनावरांचं शेण, त्यावर पेट्रोल आणि जळकं रबर. लोळणीच्या काठावर एक चपटा झालेला बेडूक चाकाच्या नक्षीत दाबून बसला होता, अगदी ठशासारखा. मी धाकूकडं पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“सारं रान येतं ह्या पाण्यावर,” तो म्हणाला. “आता आठ दिस कोण तोंड लावणार न्हाई.”

“तुम्ही सांगा ना त्यांना.”

“तुमी सांगा की. तुमचा विद्यार्थी हाय.”

मी कार्डावर ‘लोळण’ लिहून घेतलं.

जेवणं झाल्यावर, उन्हं कलल्यावर, शिकार. परवानगीचा कागद आहे, असं राजवर्धन म्हणाला. मी बघायला मागितला नाही. हाकाऱ्याला शेतावरचे दोन गडी होते. ते डबे वाजवत पलीकडच्या उतारावरून येणार होते. धाकू माग दाखवायला.

“करवंदीच्या जाळीत एक मादी हाय,” त्यानं आधीच सांगितलं. “पोटुशी हाय. तिला लांब पळता येत न्हाई. तिला सोडायची. वरच्या अंगाला नर हायत, तिकडं जाऊ.”

“हो हो,” राजवर्धन म्हणाला. मग माझ्याकडं वळून, “सर, बसा मागं. पायी किती चालणार?”

मी राजवर्धनच्या मागं बसलो. कमरेला धरायची लाज वाटत होती, म्हणून रॅकची जाळी घट्ट धरली. ती गार होती आणि तिच्या कोपऱ्यात जुने केस चिकटले होते. राठ, काळे. मी हात सरकवला, तर तिथंही होते.

वर जायचंच नव्हतं त्यांना. गाड्या सरळ करवंदीकडं वळल्या. इंजिनाच्या आवाजानं मादी जाळीतून बाहेर पडली. तिचं पोट जमिनीला घासत होतं. डॉक्टर एका बाजूनं, आम्ही दुसऱ्या बाजूनं. खाली तो चिखल. सकाळी त्यांनीच घुसळून मऊ करून ठेवलेला. मादी त्यात शिरली आणि पोटापर्यंत रुतली. डॉक्टरांनी गाडी थांबवून बार टाकला. गोळी मागच्या पायाला लागली. ती ओरडली. डुकराचं ओरडणं ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

“थांबा!” धाकू उतारावरून धावत आला, दोन्ही हात पसरून. “पोटुशी हाय! शेट, थांबा!”

“वळतीय ती, वळतीय!” डॉक्टर ओरडले. “राजा, आडवी घाल गाडी!”

राजवर्धननं अंगठ्यानं गॅस दाबला. गाडी चिखलावरून आडवी घसरली. माझ्या बुडाखाली एक गचका बसला. दगडावरून गेल्यासारखा. मला वाटलं दगड. असं पुढं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण दगडाला असा गचका नसतो. दगड दबत नाही.

मागं वळून पाहिलं तर धाकू चिखलात उताणा पडला होता. उजवा पाय गुडघ्यापासून भलतीकडं वळलेला. तो ओरडत नव्हता. मादीच ओरडत होती. ती त्याच्यापासून वीस हातांवर जागच्या जागी रुतलेली. तिला हलताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी आधी तिला दुसरी गोळी घातली. मग ते धाकूकडं आले.

“डॉक्टर, बघा ना,” मी म्हणालो.

“मी दातांचा डॉक्टर आहे हो सर,” ते म्हणाले, आणि खरोखरच वैतागले होते.

मी चिखलात गुडघे टेकून धाकूचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझा सदरा धरला.

“सर. चाक गेलं.”

“हो.”

“चाकच ना?”

“हो धाकू. चाक गेलं.”

हे मी बोललो. म्हणूनच त्यानं पुढं पत्र मला लिहिलं.

त्याला आमच्या गाडीच्या मागच्या रॅकवर घातलं. आकडे असलेले रबरी पट्टे होते, त्यांनीच बांधला. तसल्याच पट्ट्यांनी डॉक्टरांच्या रॅकवर मादी बांधली. दोन्ही गाड्या एकामागून एक चढ चढल्या आणि मी मधून चालत होतो. पुढून धाकूचा हात लोंबत होता, मागून तिचं डोकं. माझ्यामागं डॉक्टर म्हणत होते, “ऐंशी तरी भरेल. पोटात माल आहे ना.”

जीपमधून धाकूला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी परत आलो तेव्हा फार्महाऊसच्या मागं गडी मादी फाडत होते. तिच्या पोटातली सात पिल्लं त्यांनी पाटाच्या कडेला टाकली होती. ओली, गुलाबी, डोळे मिटलेली, प्रत्येकाची खुरं मेणासारखी मऊ. कोंबड्या येऊन त्यांत टोचत होत्या. एक गडी दुसऱ्याला म्हणाला, “फुडच्या वर्षाची शिकार एकदमच झाली की रं!” मी भिंतीला धरून ओकलो. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, म्हणून मला असं होतंय, असं राजवर्धननं सगळ्यांना समजावून सांगितलं. तेवढंच कारण होतं का, मला माहीत नाही.

“सर, आत बसा,” त्यानं मला खोलीत नेलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं. “उद्या सकाळी वनरक्षक येईल. डुकरानं मारलं असं सांगायचंय.”

“पण—”

“ऐका. या गाडीला पासिंग नाही, नंबर नाही, रस्त्यावर काढायची परवानगी नाही. गाडी म्हटलं की केस. डुक्कर म्हटलं की सरकार स्वतः त्याच्या घरी मदत पोचवतं. धाकू म्हसरं चारत होता, डुक्कर अंगावर आलं. शिकार नाही, काही नाही. आता तुम्हीच सांगा, शिकलेले आहात, धाकूचं भलं कशात आहे?”

“नारळ,” मी म्हणालो.

“काय?”

“नाही. काही नाही.”

“नारळपाणी पाहिजे का सर? मागवतो.”

मी मान हलवली. कशाला हलवली, हो की नाही, ते त्यालाही कळलं नसेल. थोड्या वेळानं शहाळं आलं. मी ते प्यालो.

सकाळी वनरक्षक आला. तरुण होता, तीन डोंगर पायी चालून दमला होता. त्यानं खुरांचे ठसे पाहिले, चाकांचे ठसे पाहिले. “ही चाकं?” त्यानं विचारलं. “जखमीला उचलायला गाडी आणली ना,” राजवर्धन म्हणाला. त्याला शंका घ्यायचं कारण नव्हतं. माझ्यासारखा शहाणासुरता म्हातारा, चष्मा, खिशाला पेन, शेजारी उभा होता. मांडीवर कागद ठेवून वनरक्षकानं पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून माझ्यापुढं केला. मी सही केली. खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता.

“अक्षर काय सुंदर आहे सर तुमचं,” तो म्हणाला.

शिमगा झाला आणि पत्र आलं. पहिल्या रात्री मी उत्तराचे चार खर्डे केले. एकात पंचनाम्याचं कायद्यातलं स्थान समजावून सांगितलं होतं. एकात रूढी आणि सत्य यांविषयी दोन पानं होती. एक इतकं सुंदर जमलं होतं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. त्यानं विचारलेल्या गोष्टीचं उत्तर एकातही नव्हतं. सगळे फाडले. मग पुस्तक छापून आलं. जाड कागद, रंगीत कव्हर. ऋणनिर्देशात आधी राजवर्धन, मग धाकू. समारंभात शाल मिळाली. त्यानंतर उत्तर देणं आणखी अवघड झालं, आणि मग रोज थोडं थोडं सोपं झालं, कारण उशीर झाला की न देणंच शोभतं असं वाटायला लागतं. किरमट्याची एसटी स्टँडवर लागलेली दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

गेल्या आठवड्यात कुरिअरनं जाड पाकीट आलं. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची छपाईपूर्व प्रत. पाठोपाठ फोन.

“सर, मिळालं? प्रत्येक खोलीत एक प्रत ठेवणार. आता आपलं फार्महाऊस राहिलं नाही, रिसॉर्ट आहे. शिमग्याच्या सुट्टीत चिखल महोत्सव ठेवलाय. चाळीस गाड्या येतायत, पार गोव्यापासून. उद्घाटन तुमच्या हस्ते. तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो.”

“बघतो,” मी म्हणालो. मी पानं उलटत होतो. मधे रंगीत फोटो घातले होते. सोलून वाळलेलं ऐनाचं झाड. लोळण, आता तिच्याभोवती टायर पुरून कठडा केलेला. आणि कठड्यावर पिवळा बोर्ड: ‘धाकूची लोळण. येथे रानडुकराने मुसंडी मारून एका पारध्याला लोळवले.’ बोर्डाशेजारी एक म्हातारा बसलेला. खांद्यावर घोंगडं, एका पायाला फडकं गुंडाळलेलं.

“राजवर्धन, हा कोण?”

“कुठला?”

“बोर्डाशेजारी बसलाय तो.”

“अहो, आमचा माळी! धाकूलाच बोलावलं होतं, गाडी पाठवली होती. येईना. म्हणतो, मला डुकरानं लोळवलेलं न्हाई, मी कशाला बसू तिथं? अकरा वर्षं तेच चाललंय त्याचं. देवळात कोण दिसला की तेच. डोक्यावर परिणाम झालाय, सर. माणूस बदलला तर काय, कोण ओळखतंय? पण बोर्ड कसा वाटला? शब्द तुमचाच आहे.”

शब्द माझाच होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी वनरक्षकानं मांडीवर कागद धरून लिहिलं होतं, ‘रानडुकराने ठोकर देऊन’. लिहिताना तो अडखळला. “ठोकर बरोबर आहे का सर? ठोकर गाडीची असते ना?” राजवर्धनचा चेहरा पांढरा पडला. तो तरुण मुलगा पेन तसंच धरून माझ्याकडं बघत होता, खरोखर विचारत होता. त्या वेळी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प बसणं तर मला येतं. पण मी म्हणालो, “मुसंडी. डुक्कर मुसंडी मारतं.” अगदी वाचनालयात कुणी पुस्तक मागावं आणि मी न बघता कपाटातून काढून द्यावं, तसं. त्यानं ‘ठोकर’ खोडलं आणि ‘मुसंडी’ लिहिलं. मला, देवा, त्या क्षणी बरं वाटलं. नेमका शब्द वापरला गेला म्हणून. धाकूचं कार्ड तेव्हा माझ्या खिशातच होतं, त्याच्या अंगठ्याचा चहाचा डाग पडलेलं. नारळाचा नेमही त्याच कार्डावर खाली लिहिलेला होता. मला सगळं माहीत होतं.

“सर? ऐकताय ना?” फोनवर राजवर्धन विचारत होता. “येताय ना उद्घाटनाला?”

“नाही.”

“तब्येत बरी नाही का?”

“तब्येत ठीक आहे. मी येणार नाही. आणि पुस्तक छापू नकोस.”

“अहो, का पण?”

मी फोन ठेवला. त्या एका ‘नाही’ची मला पुढं दोन दिवस भीती वाटत राहिली.

पत्र लिहायला मात्र पाच मिनिटं लागली.

‘धाकू येडगे यांस शिवलिंग हत्तरकी याचा नमस्कार.

गाडी.

मी गाडीवर बसलो होतो. चाक तुमच्या पायावरून गेलं. डुक्कर वीस हात लांब चिखलात रुतलेलं होतं, ते तुमच्याजवळ आलंच नाही. पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे आणि त्यातला मुसंडी हा शब्द मी सांगितलेला आहे. तुम्हाला कधीही कुठल्या डुकरानं लोळवलेलं नाही. हे पत्र शिमग्याला देवळात, नारळ देण्याआधी, सगळ्यांसमोर वाचून घ्या. कुणाला शंका असेल तर मला बोलवा, मी येऊन सांगेन. हेच वनखात्यालाही लिहीत आहे.

उशीर झाला. त्याला माझ्याकडं कारण नाही.’

शेवटची दोन वाक्यं खोडावीत का, यावर मी बराच वेळ घालवला. मग मी पुन्हा शब्दांशीच खेळत बसलोय, हे लक्षात आलं आणि पाकीट चिकटवलं. दुसऱ्या पाकिटात त्याचीच प्रत, गावकीच्या नावानं. तिसऱ्यात वनखात्याला.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागं एक बाई होत्या, तिशीच्या.

“रजिस्टर करायची का आजोबा?”

“हो. तिन्ही.”

“हे किरमटे कुठं आलं?”

“चंदगडच्या वरच्या अंगाला.”

“शिमग्याच्या आत पोचायला पाहिजे का? तुम्ही सारखं कॅलेंडरकडं बघताय.”

“हो. पोचेल?”

“अजून सतरा दिवस आहेत. पोचेल की.” त्यांनी पाकिटं वजनावर टाकली, चिकटपट्ट्या लावल्या, शिक्के मारले. एक पाकीट उलटून माझ्यापुढं सरकवलं. “पाठवणाऱ्याचं नाव राहिलं इथं. पूर्ण लिहा.”

मी लिहिलं. पूर्ण नाव, जुना हुद्दा, पत्ता.

“अय्या, किती छान अक्षर आहे तुमचं!”

तोच कुजक्या पाल्याचा आणि पेट्रोलचा वास त्या स्वच्छ खिडकीत कुठून आला, कोण जाणे. मी काउंटरची कड धरली. बाईंनी पाकीट उचलून मागच्या पिशवीत टाकलं.

“पावती घ्या आजोबा,” त्या म्हणाल्या. “गेलं तुमचं पत्र.”